प्रवेशाचा टक्का आणि आपली शक्यता

पुण्याच्या सीओईपीला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयला प्रवेश मिळेल का, हे आपल्या घरांत कागद-पेन घेऊन ठरवता येते. राज्याचा सीईटी सेल कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, प्रत्येक फेरीनंतर कटऑफ जाहीर करतो. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या मेरिट क्रमांकाला आणि किती पर्सेंटाइलला झाला, हे त्यात छापलेले असते. मागच्या दोन-तीन वर्षांचे तक्ते समोर ठेवले की लातूरचे किंवा सावंतवाडीचे कुटुंबही आपल्या मुलाचे नाव कुठे लागेल ते बऱ्यापैकी अचूक सांगू शकते. अंदाज चुकला तरी थोडासाच चुकतो.

हीच सवय घेऊन आपण अमेरिकेतल्या हार्वर्ड, एमआयटी, ब्राऊन अशा महाविद्यालयांकडे वळतो. ‘एसएटीला १५४० आहेत, दहावीला ९७ टक्के आहेत, मिळेल का?’ असा प्रश्न येतो. तिथे तक्ता नाही, मेरिट क्रमांक नाही आणि शेवटच्या प्रवेशाचे गुण नावाची गोष्टही नाही. उत्तर म्हणून हाती लागतो तो एकच आकडा: त्या महाविद्यालयाचा प्रवेशाचा टक्का. हार्वर्ड चारच्या आसपास, एमआयटी साडेचार, ब्राऊन पाच. आणि बहुतेक जण या आकड्यालाच आपली शक्यता समजतात. तिथून पुढचे सगळे हिशेब बिघडतात. फी भरून केलेले अर्ज आणि बारावीच्या ऐन वर्षातले महिने त्या हिशेबावर खर्च होतात, म्हणून हा आकडा आधी नीट उघडून पाहू.

प्रवेशाचा टक्का म्हणजे एक भागाकार आहे. किती जणांना प्रवेश देऊ केला, भागिले किती जणांनी अर्ज केला. अंश जवळजवळ स्थिर असतो, कारण वसतिगृहातल्या खोल्या आणि वर्गातल्या जागा दरवर्षी वाढत नाहीत. छेद मात्र सतत हलतो. २०२४ साली हार्वर्डमध्ये दाखल होणाऱ्या वर्गासाठी ५४ हजार अर्ज आले होते. तेव्हा एसएटीचे गुण देणे ऐच्छिक होते. एप्रिल २०२४ मध्ये हार्वर्डने चाचणी पुन्हा सक्तीची केली आणि पुढच्या वर्षी अर्ज ४८ हजारांच्या खाली आले. प्रवेश देऊ केलेल्यांची संख्या दोन्ही वर्षी दोन हजारांच्या आतबाहेरच होती. टक्का मात्र ३.६ वरून ४.२ वर गेला. आता विचार करा, ज्या मुलाने दोन्ही वर्षी अर्ज केलाच असता, त्याच्यासाठी काय बदलले? जे सहा हजार अर्ज आले नाहीत त्यांतले बहुतेक चाचणीत कमी पडणाऱ्यांचे असावेत, म्हणजे तसेही स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात नसणाऱ्यांचे. टक्का सुधारला, पण खरी स्पर्धा जवळपास तिथेच राहिली. म्हणून ‘यंदा टक्का किती घसरला’ या बातमीवरून आपल्या मुलाबद्दल फारसे काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा टक्का अनेक वेगवेगळ्या गटांची सरासरी असतो आणि त्या गटांच्या शक्यता एकमेकांपासून फार दूर असतात. एरवी हे महाविद्यालयाच्या भिंतींआड राहिले असते. पण २०१४ साली हार्वर्डविरुद्ध एक दावा दाखल झाला, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या न्यायालयात त्याची सुनावणी झाली आणि २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. वंशाचा विचार प्रवेशात करावा की नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता, आणि करू नये असा निकाल लागला. आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. त्या खटल्यात हार्वर्डला आपली आतली पद्धत आणि आकडे शपथेवर मांडावे लागले. एवढ्या निवडक महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया इतक्या तपशिलाने क्वचितच उघड झाली आहे. ज्याला आपल्या शक्यतेचा अंदाज घ्यायचा आहे त्याने हार्वर्डला अर्ज करायचा नसला तरी ते समजून घ्यावे.

त्या नोंदींनुसार चार गटांना वेगळे वजन मिळते: महाविद्यालयाच्या संघासाठी प्रशिक्षकांनी हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अधिष्ठात्यांच्या खास यादीतली नावे (यांत देणगीदारांशी संबंधित मुलेही येतात) आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले. हे चारही गट मिळून अर्जदारांत ५ टक्क्यांच्या आसपास होते, प्रवेश मिळालेल्यांत मात्र ३० टक्क्यांच्या आसपास. हेरलेल्या खेळाडूंपैकी तर दहातल्या आठांहून अधिक जणांना प्रवेश मिळत होता.

याचा हिशेब सोप्या आकड्यांत करून पाहू. समजा २,००० अर्ज आहेत आणि १०० जणांना घ्यायचे आहे. टक्का झाला ५. त्यातले १०० अर्ज या चार गटांचे आणि त्यांना ३० जागा गेल्या. उरले १,९०० अर्ज आणि ७० जागा. म्हणजे बाकीच्यांचा टक्का ३.७. जाहीर झालेला पाच हा आकडा प्रत्यक्षात कुणाच्याच वाट्याला आला नाही. एकाला तीस मिळाले, दुसऱ्याला पावणेचारपेक्षा कमी. नाशिकच्या किंवा मडगावच्या मुलाचे आईवडील तिथे शिकलेले नसतात आणि तो त्यांच्या रोइंग संघातही जाणार नसतो. सगळीच महाविद्यालये असे करतात असेही नाही. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, ॲम्हर्स्ट इथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळत नाही. अर्जाची यादी करताना हा फरक बघावा.

आता परदेशी अर्जदार. भारतीय पासपोर्टवर अर्ज करणारा मुलगा अमेरिकेतल्या मुलांच्या रांगेत उभा नसतो. एमआयटी आपल्या संकेतस्थळावर परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते आणि तो टक्का अलीकडच्या वर्षांत २ च्या आसपास राहिला आहे. एकूण टक्का साडेचार आणि आपला दोन. पन्नासात एक. बाकी बहुतेक महाविद्यालये देशवार टक्के सांगत नाहीत, पण वर्गात परदेशी मुलांचा वाटा साधारण कितीपर्यंत असतो हे जुन्या वर्गांच्या रचनेवरून दिसते आणि त्या वाट्यासाठी भारत, चीन, कोरिया, ब्राझील, नायजेरिया अशा सगळ्या देशांतली मुले अर्ज करत असतात. इथे एक खुलासा करायला हवा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबातला, तिथलाच नागरिक असलेला मुलगा या गटात येत नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला काय मिळाले यावरून ठाण्यातल्या बहिणीची शक्यता काढता येत नाही. दोघांची आडनावे सारखी असली तरी त्यांचे अर्ज वेगळ्या ढिगांत वाचले जातात.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न येतो: आपल्या ढिगात आपला अर्ज कुठे आहे?

इथे आपली गुणांची भाषा सगळ्यात जास्त दगा देते. २०१५ साली हार्वर्डमध्ये दाखल झालेल्या वर्गाचे न्यायालयात मांडलेले आकडे पाहा. अमेरिकेतलेच साधारण २६ हजार अर्जदार होते. त्यांतल्या ३,४०० जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, २,७०० जणांना भाषेत पैकीच्या पैकी, आणि ८ हजारांहून अधिक जणांची शाळेतली गुणसरासरी पूर्ण होती. प्रवेश द्यायचा होता सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. म्हणजे गुणांनीच निवडायचे म्हटले असते तर पूर्ण गुणसरासरीच्या चौघांतल्या तिघांना तरी परत पाठवावे लागले असते. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या पन्नास टक्के मुलांचे गणिताचे गुण ७८० ते ८०० च्या पट्ट्यात असतात. ७९० चे ८०० करण्यासाठी तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. गुण हा उंबरठा आहे. तो ओलांडला नसेल तर पुढचे फारसे वाचले जात नाही, ओलांडला असेल तर पुढचे वाचायला सुरुवात होते.

पुढचे म्हणजे काय, तेही त्या नोंदींत आहे. प्रत्येक अर्ज आधी एक वाचक पूर्ण वाचतो आणि अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे अंक देतो. १ म्हणजे सर्वोत्तम. शाळेच्या शिफारसपत्रांनाही असेच अंक मिळतात. मग भौगोलिक विभागानुसार छोटी समिती त्यावर चर्चा करते आणि शेवटी चाळीसएक जणांची पूर्ण समिती बसून मतदान घेते. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त नावे पसंत झाली असतील तर अखेरच्या दिवसांत काही छाटली जातात. आदल्या आठवड्यात ‘हो’ असलेले नाव दुसऱ्या आठवड्यात ‘नाही’ होऊ शकते आणि त्याचे कारण त्या मुलाच्या अर्जात असेलच असे नाही. म्हणूनच अशा ठिकाणी शक्यतेचा एकेक टक्का मोजणे निरर्थक आहे.

अभ्यासात १ मिळवणारे फार थोडे, अर्धा टक्काही नाही. त्यासाठी गुणांपलीकडे मूळ संशोधनाच्या जवळ जाणारे काही लागते. उत्तम गुण आणि उत्तम चाचणी असलेल्याला २ मिळतो आणि असे हजारो असतात. अभ्यासेतर कामाच्या पायऱ्या तर आपल्याकडच्या पालकांनी नीट वाचाव्यात अशा आहेत. शाळेत बऱ्याच उपक्रमांत नेटाने भाग घेतला पण विशेष ठसा नाही, तर ३. शाळेतले मोठे पद, किंवा जिल्हा-प्रदेश पातळीवरची दखल, तर २. राष्ट्रीय पातळीचे यश किंवा व्यावसायिक दर्जाचे काम, तर १. आता आपल्या घरातली प्रमाणपत्रांची फाइल आठवा. तबल्याच्या तीन परीक्षा, एलिमेंटरी-इंटरमीजिएट, अबॅकस, दोन कार्यशाळा, एका संस्थेत पंधरा दिवसांचे स्वयंसेवक काम. मुलाने हे सगळे मनापासून केले असेल आणि त्याच्या वाढीसाठी ते चांगलेच आहे. पण या मोजपट्टीवर ही फाइल ३ वर राहते. तबल्यात विशारद होऊन जो मंचावर साथ करतो, त्याचे नाव वर सरकते. विज्ञान ऑलिंपियाडच्या टप्प्यांतून जो मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या निवड शिबिरापर्यंत पोहोचला, त्याचेही सरकते, कारण त्या शिबिरात देशातली मोजकी मुले असतात आणि हे तिथल्या वाचकाला माहीत असते. फी भरली की मिळणाऱ्या परदेशी उन्हाळी कार्यक्रमाचे प्रमाणपत्र महाग असते, पण त्याने हा अंक बदलत नाही. या गोष्टीवर लाखो रुपये घालवणाऱ्या पालकांना हे आधीच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

महाराष्ट्रातल्या मुलाच्या अर्जाला आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तिकडचे महाविद्यालय नववी ते बारावी असा सलग चार वर्षांचा आलेख मागते. आपल्याकडे हा आलेख दहावीनंतर तुटतो. दहावीपर्यंत एक शाळा, अकरावीला दुसरेच कनिष्ठ महाविद्यालय. अर्ज भरायची वेळ येते ती बारावीच्या सप्टेंबर ते डिसेंबरात. अकरावीचे प्रवेश लांबलेले असतात, म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी त्या मुलाला जेमतेम वर्षभर पाहिलेले असते, तेही शंभर-सव्वाशे मुलांच्या तुकडीत. जी मुले क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत असतात ती तर महाविद्यालयात फारशी दिसतही नाहीत. मग पत्रात ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ यापलीकडे काय येणार? त्यात अकरावीला कुणी गंभीरपणे घेत नाही. ‘अकरावी आरामात, बारावीला जोर’ ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण बारावीचा बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागतो आणि तिकडचे निर्णय मार्चअखेरीस झालेले असतात. त्यांच्यासमोर दहावीचा निकाल, अकरावीचे गुण आणि बारावीच्या सहामाहीचे किंवा शाळेने अंदाजाने कळवलेले गुण एवढेच असते. दहावीला ९६ आणि अकरावीला ७४ हा आलेख आपल्याला नेहमीचा वाटतो, तिथल्या वाचकाला तो घसरलेला दिसतो. शक्यता मोजताना हे अंतर धरले पाहिजे. जिथे काउन्सेलर आहे, जो दरवर्षी अर्ज पाठवतो आणि शाळेची माहिती सांगणारे पत्रक सोबत जोडतो, अशा मोजक्या शहरी शाळांतला मुलगा आणि तालुक्याच्या महाविद्यालयातला तेवढाच हुशार मुलगा यांच्या अर्जात फरक पडतो, आणि तो गुणांतून दिसत नाही. उलट बाजूही खरी आहे. ज्या ठिकाणाहून फारसे कुणी अर्ज करत नाही तिथून आलेल्या अर्जातली कामगिरी त्या ठिकाणच्या सोयी लक्षात घेऊन वाचली जाते. पण ते ठिकाण कसे आहे हे वाचकाला कुणीतरी सांगावे लागते. प्राचार्यांनी दोन परिच्छेद लिहून दिले तरी ते काम होते.

आता पैशाकडे येतो. माझ्या मते मराठी मध्यमवर्गीय घरासाठी शक्यता ठरवणारा हाच सगळ्यात मोठा घटक आहे आणि तोच सगळ्यात शेवटी विचारला जातो. हार्वर्डचा २०२४-२५ सालचा फी, राहणे, जेवण धरून जाहीर खर्च ८२ हजार डॉलरहून अधिक होता, म्हणजे वर्षाला साधारण ७० लाख रुपये. चार वर्षांचे पावणेतीन कोटींच्या वर जातात. हे पैसे आपण देऊ शकत नाही असे अर्जात लिहिले, की दोन प्रकारची महाविद्यालये समोर येतात. पहिल्या प्रकारात आर्थिक मदत मागितली म्हणून प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होत नाही, परदेशी मुलांच्या बाबतीतही नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट ही त्यातली जुनी नावे. डार्टमथ आणि बोडन यांनी २०२२ मध्ये हे धोरण घेतले आणि ब्राऊनने २०२५ साली दाखल झालेल्या वर्गापासून. ही यादी मोठी नाही. दुसऱ्या प्रकारात स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेनसारखी ठिकाणे येतात. तिथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर ती गोष्ट निर्णयात धरली जाते. परदेशी मुलांसाठीच्या मदतीची रक्कम मर्यादित असते आणि समितीला त्या रकमेत बसणारी नावे निवडावी लागतात. तिथे पूर्ण मदत मागणारा मुलगा आणि पूर्ण पैसे भरणारा मुलगा यांची शक्यता सारखी धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

यातून एक धोकादायक सल्ला निघतो. ‘आत्ता मदत मागू नका, प्रवेश मिळाला की मग मागू.’ अनेक महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करताना मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षे ती मागता येत नाही. घर गहाण ठेवून गेलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी परत यावे लागले तर त्या प्रवेशाचा काय उपयोग? त्या-त्या महाविद्यालयाचा हा नियम अर्जाआधी वाचलाच पाहिजे.

‘अर्ली’ अर्ज केला की शक्यता तिप्पट होते, असेही ऐकू येते. ब्राऊनमध्ये २०२४ साली दाखल झालेल्या वर्गाचे आकडे घेऊ. नोव्हेंबरच्या ‘अर्ली’ फेरीत, जिथे प्रवेश मिळाला तर तिथेच जाणे बंधनकारक असते, ६,२४४ अर्ज, ८९८ प्रवेश, म्हणजे १४.४ टक्के. नंतरच्या नियमित फेरीत साडेबेचाळीस हजारांहून अधिक अर्ज, १,६२३ प्रवेश, ३.८ टक्के. पावणेचारपट फरक दिसतो. पण आधी सांगितलेले हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले बहुतांशी याच पहिल्या फेरीत अर्ज करतात. त्यांना वगळले की फरक आटतो. उरतो तो काही प्रमाणात खरा असतो, कारण प्रवेश मिळाला तर येणारच असे वचन देणारा अर्जदार महाविद्यालयाला हवा असतो. ज्या घराला वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या मदतीची तुलना करून निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी हे वचन महाग पडू शकते. दिलेली मदत पुरेशी नसेल तर सुटता येते, पण बाकीची पत्रे येण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो.

मग लोक म्हणतात, एकाच ठिकाणी कशाला, दहा ठिकाणी अर्ज करू. प्रत्येक ठिकाणी दोन टक्के शक्यता, दहा अर्ज, म्हणजे वीस टक्के. बेरीज करायची नसते, पण गणित नीट केले तरी उत्तर जवळपास तेच येते: दहाही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९८ चा दहावा घात, म्हणजे साधारण ८२ टक्के, आणि कुठेतरी एक होकार मिळण्याची १८. हे खरे असायला दहाही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात, लॉटरीच्या दहा तिकिटांसारखे. ते तसे नसतात. दहाही ठिकाणी तीच गुणपत्रिका जाते, तीच दोन शिफारसपत्रे, तोच मुख्य निबंध. पत्र पोकळ असेल तर दहाही ठिकाणी पोकळच वाचले जाते. म्हणून सामान्य अर्जासाठी दहा अर्जांची एकत्रित शक्यता अठरापेक्षा बरीच खाली, दोनच्या दिशेने असते. काही मुलांना चार-चार ठिकाणी प्रवेश मिळतो आणि बहुतेकांना एकही मिळत नाही, यामागेही हेच आहे. अर्जांची संख्या वाढवण्यापेक्षा वेगळ्या स्वभावाची महाविद्यालये निवडली तर शक्यता जास्त सुधारते.

ती निवडायला एक फुकट साधन आहे. अमेरिकेतली बहुतेक महाविद्यालये ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे ठरावीक नमुन्यातले पत्रक दरवर्षी प्रसिद्ध करतात. महाविद्यालयाच्या नावाबरोबर हे तीन शब्द टाकून शोधले की सापडते. सगळे वाचायची गरज नाही. ‘सी १’मध्ये अर्ज आणि प्रवेश यांच्या संख्या असतात. अलीकडच्या पत्रकांत परदेशी अर्जदार वेगळे दाखवलेले सापडतात, तिथून आपला खरा पाया मिळतो. ‘सी ७’मध्ये कोणत्या गोष्टीला किती महत्त्व, याचा तक्ता असतो. हार्वर्डसारखी काही ठिकाणे जवळपास सगळ्यासमोर ‘विचारात घेतले जाते’ एवढेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. एमआयटी मात्र चारित्र्य आणि व्यक्तिगत गुणांना सर्वाधिक महत्त्व असल्याचे नोंदवते. ‘सी ९’मध्ये चाचणीचे गुण असतात, पण चाचणी ऐच्छिक असेल तर ते फक्त गुण पाठवणाऱ्यांचे असतात, म्हणून फुगलेले. ‘सी २१’मध्ये बंधनकारक फेरीचे आकडे. आणि ‘एच ६’ हा रकाना आपल्या घरांनी सगळ्यात आधी उघडावा. किती परदेशी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने स्वतःच्या पैशातून मदत दिली आणि सरासरी किती डॉलर, हे त्यात असते. भारतात फारसे नाव नसलेली काही छोटी महाविद्यालये इथे एकदम समोर येतात.

एक उदाहरण घेऊन हे सगळे एकत्र करून पाहू. समजा नाशिक जिल्ह्यातली एक मुलगी आहे. राज्य मंडळ, दहावीला ९६ टक्के, अकरावीला ८५, एसएटी १५२०. दोन वर्षे ती गावच्या आणि आसपासच्या विहिरींची पाणीपातळी मोजते आहे, तिच्या नोंदी तालुक्याच्या कृषी विभागाने मागून घेतल्या आहेत. घरचे उत्पन्न वर्षाला बारा लाख, म्हणजे जवळजवळ पूर्ण मदत हवी.

पाया: परदेशी अर्जदार, दोन टक्के. एसएटी उंबरठ्याच्या आत आहे, पण एमआयटीसारख्या ठिकाणी गणिताचे गुण ७६० असतील तर खालच्या कडेला. अकरावीची घसरण मध्यम, पत्रात कारण सांगता येईल. विहिरींचे काम तिला गर्दीतून बाहेर काढते. या मोजपट्टीवर ते ठाम २ आहे, कारण ते तिचे स्वतःचे आहे, सलग आहे आणि दुसऱ्या कुणीतरी त्याचा उपयोग केला आहे. शिफारसपत्र अजून अनिश्चित. मदतीची गरज मोठी, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयांत तिची शक्यता पायाच्याही खाली जाते, पहिल्या प्रकारच्या ठिकाणी ती पायाच्या थोडी वर राहते. मी तिला टक्का सांगणार नाही. मी तीन पट्टे सांगीन. स्टॅनफर्ड, कोलंबिया: जवळपास शून्य, अर्जाची फी वाचवावी. ॲम्हर्स्ट, बोडन, येल: कमी, पण खरी, तिथे दोन किंवा तीन अर्ज. ‘एच ६’मध्ये परदेशी मुलांना भरीव मदत दिसणारी आणि जरा कमी चुरशीची छोटी महाविद्यालये: इथे खरी आशा, इथे चार-पाच अर्ज आणि सर्वात जास्त वेळ.

ऑगस्टमध्ये तिने भौतिकशास्त्राच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना भेटून विहिरींच्या नोंदींची आपली वही दाखवावी, दहावीपर्यंतच्या शाळेतल्या ज्या बाईंनी तिला सहा वर्षे पाहिले त्यांच्याकडूनही जादा पत्र मागावे. जिथे जादा पत्र चालते तिथे ते जोडता येते. मदतीचे अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच जातात, म्हणून वडिलांची आयकर विवरणे, सातबारा, बँकेची खाती ऑक्टोबरपर्यंत जमा हवीत. नियमित फेरीचे अर्ज १ जानेवारीच्या सुमारास बंद होतात आणि त्याच महिन्यात जेईई मेनचे पहिले सत्र असते, तेव्हा निबंधांचे काम दिवाळीच्या सुट्टीत संपवावे. आणि सीईटीचा अर्ज नेहमीच्या वेळी भरावा. कॅपचे तक्ते तिच्यासाठीही तितकेच उघडे आहेत आणि तिथला अंदाज ती मेरिट क्रमांक आल्यावर एका संध्याकाळी स्वतः काढू शकते.